येताना वाटेत काय दिसलं?

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणा, जड म्हणा, पेटारा म्हणा, माझी काही हरकत नाही. फक्त भंगार म्हणायचं नाही. तो शब्द माझ्या तोंडावर पुष्कळांनी उच्चारला आणि त्यांच्यापैकी एकालाही मी खरं ठरू दिलेलं नाही.

मी राहतो एका लहानशा कॉलेजच्या अभिलेखागारात. नाव भारदस्त आहे, पण दचकू नका. कॉलेजचे जुने कागद, फोटो, नकाशे, बक्षिसाचे पेले, कुणाच्या तरी चष्म्याची डबी, असं सगळं जपून ठेवायची खोली म्हणजे अभिलेखागार. आमची खोली विज्ञानाच्या इमारतीत, जिन्याखाली आहे. वरचा वर्ग सुटला की पोरं धडाधडा उतरतात आणि आमच्या कपाटांच्या काचा थरथरतात. खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. नवीन माणूस आत आला की आधी शिंकतो, मग नमस्कार करतो.

माझा जन्म मात्र चांगल्या मोठ्या कारखान्यात झाला. लाकडी अंग, पुढे जाळीचं कापड, डोक्यावर दोन चकत्या आणि झाकणाला चामड्याची मूठ, असा मी तयार झालो. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यासमोर "एक, दोन, तीन" असं म्हणून पाहिलं. मी ते जसंच्या तसं परत म्हटलं. बाई हसल्या आणि त्यांनी माझ्या पोटावर पास झाल्याचा शिक्का मारला. मला वाटलं, चला, सुटलो. आता एखाद्या दिवाणखान्यात बसायचं आणि गाणी वाजवायची.

कसली गाणी आणि कसला दिवाणखाना! मी आलो तो या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सरांच्या हाती. सर अंगाने काटकुळे आणि स्वभावाने महाचिवट. हे अभिलेखागार त्यांनीच सुरू केलं. ते म्हणायचे, "संस्थापकांचे फोटो आहेत, भाषणं आहेत, सगळं झकास आहे. पण ज्या गवंड्याने ही इमारत बांधली तो कुठे आहे? प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणारा कुठे आहे? ही माणसं काय हवेतून आली आणि हवेत गेली?" असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि माणसं जिथे कामाला येत तिथे तिथे फिरायला सुरुवात केली.

मी किती जड आहे हे तुम्हाला उचलल्याशिवाय कळायचं नाही. सर मला उजव्या हातात धरून चालायचे. चालता चालता त्यांचा उजवा खांदा खाली गेला तो कायमचा. पोरं त्यांना 'तिरके सर' म्हणू लागली. सरांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. माझ्या झाकणावर थाप मारून म्हणाले, "ऐकलंस का रे? तुझ्यामुळे माझं बारसं झालं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगतो, अभिमानही वाटला.

सरांची एक सवय होती आणि माझी सगळी गोष्ट त्या सवयीवर उभी आहे. आवाज भरण्याआधी तो फार मोठा येतोय की फार बारीक, हे पाहावं लागतं. माझ्या पुढ्यात त्यासाठी एक छोटासा काटा आहे. समोरच्या माणसाने काहीतरी बोलायचं आणि काटा मधोमध नाचेल असं बटण फिरवायचं. इतर लोक त्यासाठी "हॅलो, हॅलो" म्हणायला सांगतात. पण माइक समोर आला की साधी माणसं दगडासारखी बसतात. म्हणून सर विचारायचे, "येताना वाटेत काय दिसलं?"

मग काय! गवंडी पडक्या भिंतीबद्दल बोलायचा, माळी कुणाच्या तरी कुंडीतल्या कीड लागलेल्या गुलाबाबद्दल हळहळायचा. बोलता बोलता त्यांची भीती कुठल्या कुठे पळायची. सर हळूच बटण फिरवायचे, काटा मधोमध नाचायला लागायचा आणि मुलाखत सुरू व्हायची. ते वाटेवरचं बोलणं पुसून टाकायला मात्र सरांचं मन धजायचं नाही. ते तसंच राहायचं, प्रत्येक मुलाखतीच्या तोंडाशी.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. माझ्या चकत्यांवर रिळं बसतात आणि रिळावर फीत गुंडाळलेली असते. ही फीत तुमच्या करंगळीपेक्षाही अरुंद. त्या काळी फीत मिळता मिळत नसे, मागवली की वाट बघून डोळे शिणायचे. म्हणून सरांनी माझा एक गुण पुरेपूर वापरला. मी त्या अरुंद फितीवर चार ओळींत आवाज भरू शकतो. दोन ओळी जाताना आणि रीळ उलटून लावलं की दोन ओळी येताना. बोळातून चार माणसं चालावीत, दोघं जाणारी, दोघं येणारी, आणि कुणाचा कुणाला धक्का लागू नये, तसं. कोणती ओळ ऐकायची ते ठरवायला माझ्या डाव्या अंगाला एक खटका आहे.

सर सगळ्यांच्या मागे लागायचे, "लिहून ठेवा, लिहून ठेवा, नाहीतर उद्या कुणाला कळणार नाही." फोटोमागे नाव लिहा, पेल्याखाली साल लिहा. आणि स्वतः मात्र रिळाच्या खोक्यावर फक्त माणसाची ओळख लिहायचे. 'गवंडी'. 'माळीबुवा'. 'मावशी, झाडलोट'. फितीवर चार ओळी आहेत, हे त्यांनी कुठेही लिहिलं नाही. रोज ज्या कामात हात बुडालेले असतात ते लिहून ठेवायला कुणाला सुचतं? श्वास कसा घ्यायचा हे तुम्ही कधी लिहून ठेवलंय का?

पुढे सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला फडक्याने पुसलं, माझं झाकण लावलं आणि डाव्या हाताने खोलीचं दार ओढून घेतलं. काही वर्षांनी ते गेल्याची बातमी आली. खोलीत कुणीतरी कुणाला तरी सांगितली, मी कपाटाच्या खालच्या खणात बसून ऐकली. मला रडता येत नाही. येत असतं तर तेव्हा रडलो असतो.

मग माझे वाईट दिवस सुरू झाले. माझ्या पोटात एक रबरी पट्टा होता. मोटर त्या पट्ट्याने चकत्या फिरवते. न वापरल्यामुळे तो पट्टा वितळून काळा, चिकट चिखल होऊन बसला. कुणी मला चालू केलं की मी नुसता गुणगुणायचो, चकत्या हलायच्या नाहीत. "मोटर जळली," असा निकाल लागला. जळली म्हणे! पोट उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. मला खणातून काढलं आणि कोपऱ्यात ठेवलं. माझ्या डोक्यावर चहाची किटली आली. गरम पाण्याचे थेंब माझ्या पॉलिशवर पडायचे आणि पांढरे डाग उठायचे. मित्रांनो, मी कानांचा माणूस. लोकांच्या अख्ख्या आयुष्याचा आवाज मी पोटात घेतला आणि माझं मोल काय, तर किटलीचा पाट!

त्याच कोपऱ्यातून मी ताईंना पहिल्यांदा पाहिलं. या ताई म्हणजे आमच्या अभिलेखागाराच्या आताच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे एकट्याच. साहेबही त्याच, शिपाईही त्याच. कायम अंगावर धूळ, म्हणून मुली त्यांना 'धूळताई' म्हणतात. त्यांची आई घरी एकटी कंटाळायची, म्हणून ताई तिला रोज दुपारी सोबत आणायच्या. आई खिडकीपाशी बसून जुन्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढायची. काम मन लावून करायची आणि तोंडही तितकंच मन लावून चालवायची.

"अगं, लोकांच्या मुली आईला देवदर्शनाला नेतात," ती म्हणायची. "तू मला टाचण्या काढायला आणतेस."

"देवळात तुला बोलू देतील का एवढं?" ताई म्हणायच्या.

ताईंनी कपाटं आवरली, फोटोंना पाकिटं केली, महिन्याच्या महिन्याला 'अभिलेखागाराच्या बातम्या' नावाचा एक कागद सूचनाफलकावर लावायला सुरुवात केली. अमुक यांनी आजोबांचं पदवीचं प्रमाणपत्र दिलं, तमुक फोटोतली तिसरी व्यक्ती कोण ते सांगा, अशा बातम्या. आणि एके दिवशी त्यांना सरांची रिळं सापडली. खोकीच्या खोकी. ताईंनी त्यातली काही शहरातल्या एका कंपनीकडे नमुन्यादाखल पाठवली. जुन्या फितींवरचा आवाज संगणकात भरून देणारी कंपनी. थोड्याच दिवसांत रिळं परत आली आणि सोबत निरोप आला: फिती खराब आहेत, आवाज एकमेकांत मिसळून गेलेत, काहीही कळत नाही, टाकून द्यायला हरकत नाही.

मी किटलीखाली बसून तळमळलो. खराब? माझ्या फिती? अरे, फीत ज्यावरून सरकते तो यंत्राचा कान, आणि त्यांच्या यंत्राचा कान मोठा! तो एका वेळी दोन ओळी ऐकतो, एक जाणारी आणि एक येणारी. मग कालवा होणार नाही तर काय! मी आतल्या आत ओरडत होतो. पण पट्ट्याविना मी मुका.

नेमक्या त्याच आठवड्यात प्राचार्या बाई खोलीत आल्या. बाई कडक, पण मनाने वाईट नाहीत, हे मी आधीच सांगतो. त्या म्हणाल्या, "ताई, स्पष्टच बोलते. वर्गात मुलींना बरं वाटेनासं झालं तर आडवं व्हायला या कॉलेजात जागा नाही. परवा एक मुलगी बाकावर ओढणी पांघरून पडली होती. मला ही खोली हवीय."

"आणि हे सगळं?" ताईंनी कपाटांकडे हात केला.

"कागद गोदामात जातील. कुलूप लावून नीट ठेवू. रिळं तर खराबच आहेत, ती भंगारात. आणि हा पेटारा सुद्धा."

पेटारा म्हणजे मी. कळलं ना?

ताई हट्टी मुलीसारखी मान वर करून म्हणाल्या, "बाई, त्या रिळांवर माणसं आहेत. गोदामात गेलेला कागद निदान पुन्हा बाहेर तरी काढता येतो. भंगारात गेलेला माणूस नाही येत."

प्राचार्या बाईंनी घड्याळ बघितलं, मग ताईंकडे बघितलं. "ठीक आहे. महिनाअखेरीला व्यवस्थापन समितीची बैठक आहे. त्या रिळांमधून मला एक वाक्य ऐकवा. एकच, पण स्वच्छ, कळेल असं. ऐकवलंत तर खोली तुमची, मी दुसरी जागा बघते. नाही ऐकवलंत तर बैठकीनंतरच्या सोमवारी इथे पलंग येतील."

झालं. त्या दिवसापासून ताईंनी त्या कालव्याचा पिच्छा पुरवला. कंपनीने पाठवलेला आवाज संगणकावर लावायचा, डोळे मिटायचे आणि ऐकत बसायचं. खर्रर्र, बडबड, गुरगुर. मध्येच शब्दासारखं काहीतरी आणि पुन्हा गोंधळ. आईचं डोकं उठलं.

"बाई गं, बंद कर ते! कान किटले माझे. माणसं तर माणसं, मेली घंटासुद्धा उलटी वाजतेय."

ताईंनी डोळे उघडले. "उलटी म्हणजे?"

"उलटी म्हणजे उलटी. आधी घुमतेय आणि मग टोला पडतोय. आधी टोला आणि मग घुमणं, असं नको का?"

ताईंनी तो तुकडा पुन्हा लावला. कॉलेजची पितळी घंटा. आधी बारीक घुमणं, ते वाढत वाढत जातं आणि एकदम टण् करून गपकन संपतं. ताई ताडकन उभ्या राहिल्या. "आई, एक आवाज सुलटा आहे आणि एक उलटा! कालवा नाहीये हा. दोघं जण दोन दिशांनी चाललेत! एकाच फितीवर!"

"मग मी काय वेगळं म्हणाले?" आई टाचणी काढत म्हणाली.

ताई खोलीभर नजर फिरवू लागल्या. नजर माझ्यावर आली. किटलीवर गेली. पुन्हा माझ्यावर आली. त्यांनी किटली उचलली, गुडघ्यांवर बसल्या आणि पदराने माझी डावी बाजू पुसली. तिथे माझा खटका आहे आणि खटक्याभोवती चारही ओळींचे आकडे कोरलेले आहेत. ताईंनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला हात लावला होता, तोही काहीतरी ठेवण्यासाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी पंखेवाले काका आले. कॉलेजचे सगळे पंखे तेच दुरुस्त करतात. मला बघून त्यांनी हात जोडले. "ताई, मी पंखेवाला माणूस. पंखा फिरतो आणि गप्प बसतो. हे बोलणारं यंत्र माझ्याकडून बिघडलं तर?"

"बिघडलेलंच आहे, काका. तुम्ही आणखी काय बिघडवणार?"

"हे बरं आहे," काका म्हणाले आणि त्यांनी माझं पोट उघडलं. आतला काळा चिखल बघून त्यांनी नाक मुरडलं, पण मग मोटर बोटाने फिरवून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मोटर ठणठणीत आहे की! कोण म्हणालं जळली?"

मला वाटलं, काकांना मिठी मारावी.

पण काम सोपं नव्हतं. काकांनी तो चिखल खरवडला. ताईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझा कान स्वच्छ केला. त्यावर तपकिरी थर बसला होता. मग पट्ट्याची शोधाशोध सुरू झाली. आईने शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक दिलं. मी चाललो, पण दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात. काकांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावली. ती घसरायची. एकदा माझ्या पोटातून धूर निघाला. काका दोन हात मागे सरले, आई ओरडली, "अगं बटण बंद कर, बटण!" मित्रांनो, त्या क्षणी माझ्या हातात एकच गोष्ट होती: जळायचं नाही. मी दातओठ खाऊन, म्हणजे जे काय असतं ते खाऊन, सहन केलं. एक जुना भाग गेला होता, तेवढा काकांनी बदलला.

बैठकीच्या आदल्या दुपारी काकांनी पंपाच्या दुकानातून एक पातळ रबरी कडं आणलं. ताईंनी 'मावशी, झाडलोट' लिहिलेलं रीळ उलटून लावलं, कारण त्या उलट्या घंटेचा आवाज त्याच रिळावर होता आणि घंटा सुलटी वाजली तर सगळं सुलटं, हे त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी सुरुवातीला न जाता फीत घंटेपाशीच नेली. खटका पहिल्या ओळीवर ठेवला. वाजवायचं बटण दाबलं.

टण्ण्ण्ण. स्वच्छ. आधी टोला, मग घुमणं, घुमता घुमता विरून जाणं. सरांच्या काळातली दुपार खोलीत उतरली. ताईंनी तोंडावर हात ठेवला. पुढे कुणीतरी श्वास घेतला, आता बोलणार, आता बोलणार, आणि तेवढ्यात माझं कडं तटकन तुटलं.

काका डोकं धरून बसले. मग आई म्हणाली, "तुटलं ते कडं तुटलं. दुकान तर नाही ना तुटलं? जा, दुसरं आणा. या खेपेला दोन आणा."

दुकान बंद झालं होतं. दुसरं कडं सकाळी मिळालं, तेही बैठकीची वेळ होता होता. चालवून बघायला सवडच नव्हती. काकांनी ते घाईघाईने बसवलं, ताईंनी माझी मूठ धरली आणि मला जिना चढवून बैठकीच्या दालनात नेलं. मी बघत होतो, त्यांचा उजवा खांदा खाली झुकला होता.

ते दालन लांबलचक होतं. मऊ खुर्च्या, मोठमोठे पडदे, मधोमध चकचकीत टेबल. समितीचे सभासद चहा पीत बसले होते. एक गृहस्थ म्हणाले, "वा, संस्थापकांचं भाषण ऐकायला मिळणार तर."

"नाही," ताई म्हणाल्या. "कॉलेज झाडणाऱ्या मावशींची मुलाखत आहे."

"असं होय," ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी बिस्किट उचललं.

ताईंनी या खेपेला फीत अगदी सुरुवातीपासून लावली. त्या दिवशी सकाळीच सोबत आलेल्या आईने मोबाइल माझ्या जाळीसमोर धरला, आवाज टिपायला. ताईंनी बटण दाबलं. मी गुणगुणलो. चकती हलली नाही. नवं कडं घट्ट होतं, जोर पुरत नव्हता. कुणीतरी घसा खाकरला. प्राचार्या बाई कपाळावर आठी घालून बघत होत्या. मी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. सरांचा खांदा मी उगाच वाकवला नाही. मी मोटरीत होता नव्हता तेवढा सगळा जीव ओतला. आणि ताईंनी, कुणाची पर्वा न करता, पुढे वाकून बोटाने चकतीला हलकेच ढकललं. बाळाच्या पाळण्याला देतात तसा एक झोका.

चकती फिरली. फिरतच राहिली.

आधी सरसर आली. मग सरांचा आवाज आला, जसा होता तसा, थोडा नाकातला: "बसा, मावशी. निवांत बसा. येताना वाटेत काय दिसलं?"

मग एक बाई हसली. लाजलेलं, खरखरीत हसू. आणि मग ती बोलली, "काय दिसायचंय, सर? रोज दिसतं तेच. पण आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगते."

ताईंनी बटण दाबून मला थांबवलं.

बिस्किटवाल्या गृहस्थांचं बिस्किट चहात विरघळून पडलं, त्यांना पत्ता नव्हता. प्राचार्या बाई दोन्ही हात टेबलावर ठेवून पुढे झुकल्या.

"बंद का केलंत?"

"एक वाक्य म्हणाला होतात, बाई. झालं एक वाक्य."

"अहो ताई, वाक्याचं काय घेऊन बसलात! त्यांना दिसलं काय?"

माझं काळीज असतं तर तेव्हा सुपाएवढं झालं असतं. ताईंनी पुन्हा बटण दाबलं, चकतीला पुन्हा एक झोका दिला आणि मावशी पुढे सांगू लागल्या.

"फाटकापाशी पायरीवर एक पोरगी बसलेली असते, सर. आपल्याच कॉलेजातली. उजाडायच्या आधी येते आणि फाटकावरच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसते. घरी दिवा लावू देत नाहीत म्हणाली. मी कॉलेज झाडायला घेते ना, तर सगळ्यात आधी तिची पायरी झाडते. मग बाकीचं. तेवढीच तिला स्वच्छ जागा. तिला ठाऊक नाही हां. सांगू नका."

मग घंटा वाजली. आधी टोला, मग घुमणं.

प्राचार्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग त्यांनी त्या लांबलचक दालनावरून, मऊ खुर्च्यांवरून आणि पडद्यांवरून नजर फिरवली. "ही खोली वर्षातून किती वेळा उघडतो आपण?" त्यांनी विचारलं आणि त्या पुढे म्हणाल्या, "पलंग इथे येतील. बैठका आपण स्टाफरूममध्ये घेऊ. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. "फक्त तो टेप परत लावाल का?" बिस्किटवाले गृहस्थ म्हणाले.

त्यानंतर मी जे काम केलं, तसं तारुण्यातही केलं नव्हतं. एकेक रीळ, एकेक ओळ. गवंडी बोलला, माळीबुवा बोलले, बाटल्या धुणारा बोलला. मी बोलायचो आणि शेजारचा संगणक निमूटपणे लिहून घ्यायचा. कडी तुटायची, काका नवी बसवायचे. प्रत्येक खोक्यावर ताईंनी ठळक अक्षरांत लिहिलं: चार ओळी आहेत, दोन जाणाऱ्या, दोन येणाऱ्या. जे सर लिहायला विसरले, ते आता कुणी विसरणार नाही.

सूचनाफलकावरच्या बातम्यांत ताईंनी मावशींची ती गोष्ट छापली आणि खाली विचारलं, 'ही मुलगी कोण होती, कुणाला ठाऊक आहे का?' तो कागद कुणीतरी फोनवर पाठवला, त्याने आणखी कुणाला पाठवला. आणि एका दुपारी एक आजी काठी टेकत आल्या. "ती मी," म्हणाल्या. आम्ही सगळे हरखून गेलो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आजी आल्या. "ती मी." मग तिसऱ्या! आई म्हणाली, "आता गं बाई, खरी कोणती?" ताईंनी तिघींना एकत्र बसवलं, चहा दिला. तेव्हा कळलं की तिघीही खऱ्या. वेगवेगळ्या वर्षी, त्याच पायरीवर, त्याच दिव्याखाली. प्रत्येकीला वाटायचं, आपण एकटीच. आणि पायरी रोज स्वच्छ कशी असते, हे तिघींनाही कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. तिघी एकमेकींचे हात धरून माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी मावशींचा आवाज ऐकला. मधल्या आजी नुसत्या मान हलवत राहिल्या.

त्या तिघींची मुलाखत ताईंनी घेतली. यंत्र नवं होतं, काडेपेटीएवढं, वजनाने पिसासारखं. त्यात काटाही नाही, आवाज ते आपलं आपणच जुळवून घेतं. त्यामुळे काही विचारायची गरजच नव्हती. तरीही ताईंनी आधी विचारलंच, "आजी, येताना वाटेत काय दिसलं?"

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात नसतो. खिडकीपाशी माझं स्वतःचं टेबल आहे, आईने शिवलेला अभ्रा आहे आणि किटलीला माझ्यापासून लांब ठेवलेलं आहे. महिन्यातून एकदा ताई मला थोडा वेळ चालवतात, म्हणजे कडं चिकटत नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखं काही असेल, बंद पडलेलं, कोपऱ्यात सरकवलेलं. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्याचं पोट उघडून बघा. मोटर ठणठणीत असू शकते.

आणि यंत्रांचं जाऊ द्या, आम्हाला एखादं कडं मिळालं की पुन्हा बोलता येतं. माणसांना नाही येत. तुमचं घर, तुमची शाळा, तुमची गल्ली रोज कुणीतरी झाडतं, कुणीतरी बांधतं, कुणीतरी रात्रंदिवस राखतं. त्यांना रोज खूप काही दिसतं. ते सांगत नाहीत, कारण कुणी विचारलेलं नसतं. आज संध्याकाळी त्यांच्यापैकी कुणी दारात आलं, तर त्यांना बसायला सांगा, पाणी द्या आणि विचारा, "येताना वाटेत काय दिसलं?"

मग मात्र गप्प बसा आणि ऐका. मी इतकी वर्षं तेच करतोय.